भेदभावविरोधी अधिकारी कसा असावा?
(विनयातील पाच कसोट्या आणि आपली कॉलेजातील मुले)



आजचा पाठ एका पदाविषयी आहे. प्रत्येक विद्यापीठात आणि प्रत्येक महाविद्यालयात एक भेदभावविरोधी अधिकारी असला पाहिजे, असा नियम आहे. हे पद कशासाठी निर्माण झाले, त्यावर कसा माणूस नेमला जावा, आणि तो नेमलेला नसेल तर आपण काय करावे, एवढेच आज पाहावयाचे आहे. ज्यांची मुले अजून प्राथमिक शाळेत आहेत त्यांनीही हा पाठ वाचावा. दहा वर्षे जायला वेळ लागत नाही.

१. एका मुलीची हकीगत

माझ्या शाळेतून दहावी झालेली एक मुलगी. आई विडी वळते, वडील हमाली करतात. पाच वर्षांपूर्वी या कुटुंबाने धम्मदीक्षा घेतली. मुलगी हुशार. बारावीनंतर विज्ञान शाखेत प्रवेश मिळाला आणि ती वसतिगृहात राहू लागली. त्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली ती पहिलीच.

दिवाळीच्या सुट्टीत तिची आई माझ्या घरी आली. म्हणाली, "गुर्जी, पोरगी म्हणतीय परत जायचंच न्हाई. कारण इचारलं तर नुसती रडतीय. तुमी तरी बोला तिच्याशी."

मुलीने हळूहळू सांगितले. प्रयोगशाळेत हजेरी घेताना नावापुढे कॅटेगरी मोठ्याने वाचली जाते. तिच्या गटाला उपकरण शेवटी मिळते, कधी मिळतच नाही. एकदा उत्तर चुकले तेव्हा 'सवलतीवर आलेल्यांचे असेच व्हायचे' असे सर्वांसमोर ऐकावे लागले. खानावळीत दोन मुली ती बसली की ताट उचलून पलीकडे जातात. "सर, मारलं कुणी नाही, शिवी पण दिली नाही. मग मी तक्रार काय म्हणून करू?" असे तिने मला विचारले.

तिचा हा प्रश्न मी विसरू शकत नाही, कारण मी स्वतः तोच प्रश्न मनात गिळून पदवीधर झालो. माझे वडील गिरणी कामगार. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. मी शिकत होतो त्या महाविद्यालयात शिष्यवृत्तीच्या अर्जांच्या दिवशी कारकून ओरडायचे, "फुकटवाले त्या बाजूला उभे राहा." आम्ही निमूटपणे त्या बाजूला उभे राहत असू. ते चूक आहे हे आम्हांला कळत होते. सांगायचे कोणाला, हे कळत नव्हते.

मुलीच्या वडिलांना घेऊन मी तिच्या महाविद्यालयात गेलो. नियमाप्रमाणे तेथे भेदभावविरोधी अधिकारी असावयास हवा होता. भिंतीवर पाटी होती. पाटीवर ज्या प्राध्यापकांचे नाव होते ते दोन वर्षांपूर्वीच निवृत्त झाले होते. कार्यालयात विचारले तर उत्तर मिळाले, "आमच्याकडे असली एकही तक्रार नाही हो. दरवर्षी शून्य कळवतो आम्ही."

वाचकहो, तक्रार घेणारा माणूसच नसेल तर आकडा शून्यच येणार. असा शून्य हा समतेचा पुरावा होत नाही.

२. हे पद कसे निर्माण झाले?

शिक्षणसंस्थेतील अस्पृश्यता अडाणी माणसांपुरतीच असते, असा आपला गैरसमज असतो. पूज्य बाबासाहेब परदेशातून उच्च विद्या घेऊन आल्यावर १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. तेथेही प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातील पाणी त्यांनी पिण्यास काही सहकारी प्राध्यापकांनी हरकत घेतली होती. ती हरकत घेणारे पदवीधरच होते.

स्वातंत्र्य मिळाले, संविधान आले. कलम १५ ने धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेदभाव करण्यास मनाई केली. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. तरीही दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांशी भेदभाव होतो, अशी तक्रार २००६ साली पुढे आली. चौकशीसाठी प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. प्रा. थोरात हे आपल्या विदर्भातून पुढे आलेले अर्थतज्ज्ञ. २००७ च्या त्यांच्या अहवालातून दिसले की, देशातील सर्वांत नामांकित वैद्यकीय संस्थेच्या वसतिगृहातही ही मुले त्रासामुळे वेगळ्या मजल्यांवर एकत्र राहू लागली होती. राजवाडा गावाबाहेर असतो हे आपल्याला ठाऊक होते. येथे तो वसतिगृहाच्या आत तयार झाला होता.

पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ साली उच्च शिक्षणसंस्थांत समता वाढविण्यासंबंधीचे नियम केले. त्यांतील मुख्य गोष्टी अशा :

प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष असावा. पुष्कळ ठिकाणी पाटीवर 'इक्वल अपॉर्च्युनिटी सेल' असे लिहिलेले असते, तोच हा कक्ष.

भेदभावाच्या तक्रारी पाहण्यासाठी भेदभावविरोधी अधिकारी नेमावा. विद्यापीठात तो प्राध्यापक दर्जाचा आणि महाविद्यालयात सहयोगी प्राध्यापक दर्जाचा असावा. त्याहून कनिष्ठ नसावा.

लेखी तक्रार आल्यावर साठ दिवसांत निर्णय व्हावा. तो मान्य नसेल तर नव्वद दिवसांत संस्थाप्रमुखाकडे अपील करता येते.

भेदभाव कशाला म्हणावे, याचीही यादी त्या नियमांत आहे. वर्गात विद्यार्थ्याची जात जाहीर करणे, त्याला 'राखीववाला' असा शिक्का मारणे, अभ्यासातील अपयशाचे कारण म्हणून जातीचा उल्लेख करणे, प्रयोगशाळेत बाजूला ठेवणे, बसण्याची जागा वेगळी करणे, वसतिगृहात किंवा खानावळीत वेगळे पाडणे, कागदपत्रे अडवून ठेवणे, या सर्वांना मनाई आहे. त्या मुलीने विचारले होते, "तक्रार काय म्हणून करू?" तिच्या प्रश्नाचे उत्तर या यादीत आहे. मारहाण किंवा शिवीगाळ झाल्याखेरीज तक्रार होत नाही, असे मुळीच नाही.

नियम झाले, परंतु अनेक ठिकाणी ते कागदावरच राहिले. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठातील संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला याने जीवन संपविले. २२ मे २०१९ रोजी आपल्या जळगावची डॉ. पायल तडवी ही आदिवासी तडवी समाजातील मुलगी मुंबईत पदव्युत्तर शिक्षण घेत असताना गेली. वरिष्ठ डॉक्टरांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप झाला आणि प्रकरण न्यायालयात गेले. या दोन मुलांच्या माता, राधिका वेमुला आणि आबेदा तडवी, यांनी २०१९ साली सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. त्यांची मागणी साधी होती. नियम आहेत, तर ते पाळले जातात की नाही हे कोणी तरी पाहावे. स्वतःचे मूल परत येणार नाही हे ठाऊक असूनही दुसऱ्यांच्या मुलांसाठी न्यायालयाची पायरी चढणाऱ्या या मातांना आपण वंदन केले पाहिजे.

आयोगाने गोळा केलेल्या माहितीप्रमाणे जातीय भेदभावाच्या तक्रारी २०१९-२० मध्ये १७३ होत्या. २०२३-२४ मध्ये त्या ३७८ झाल्या. एवढ्या मोठ्या देशात ३७८ हा आकडा फार आहे की फार थोडा, याचा विचार वाचकांनीच करावा.

जानेवारी २०२६ मध्ये आयोगाने नवे नियम जाहीर केले. इतर मागासवर्गीय विद्यार्थ्यांचाही त्यांत स्पष्ट समावेश होता आणि प्रत्येक संस्थेत समता समिती सांगितली होती. त्यांवर देशभर वाद झाला. २९ जानेवारी २०२६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना स्थगिती दिली आणि तोवर २०१२ चे नियम चालू ठेवण्यास सांगितले. म्हणून "नवा कायदा थांबला, आता काहीच नाही" असे कोणी कार्यालयात सांगितले तर ते खरे मानू नये. स्थगिती नव्या नियमांना मिळाली. तिने २०१२ चे नियम पुसून टाकले नाहीत.

हा प्रश्न आपल्या देशापुरताही राहिलेला नाही. अमेरिकेतील ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ साली आणि कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने २०२२ साली आपल्या भेदभावविरोधी नियमांत जातीचा समावेश केला. माणसे विमानाने गेली, जातही सोबत गेली. म्हणून नियमही तेथे पोहोचला.

३. अधिकारी कसा असावा? दब्बाची कथा

आता धम्माकडे वळू. संघाचे अधिकारी कसे निवडावेत, हा प्रश्न तथागतांच्या काळीही आला होता. विनयपिटकात दब्ब मल्लपुत्त नावाच्या भिक्खूची कथा आहे. चमत्काराचा भाग बाजूला ठेवून आपण ती विचारात घेऊ.

राजगृहाच्या वेळुवनात भिक्खूंची गर्दी होत असे. कोणाला कोठे राहावयास द्यावे, कोणाला कोणाच्या घरी भोजनास पाठवावे, यावरून अडचणी येत. दब्ब हा तरुण भिक्खू. संघाची काही सेवा करावी असे त्याच्या मनात आले. तथागतांनी त्याला परस्पर अधिकार दिला नाही. आधी त्याची संमती घ्यावी, नंतर एका जाणत्या भिक्खूने सर्व संघापुढे ठराव मांडावा, ज्यांना मान्य असेल त्यांनी शांत राहावे, ज्यांना मान्य नसेल त्यांनी बोलावे, अशी पद्धत घालून दिली. नेमणूक चोरून करावयाची नाही. ती सर्वांदेखत व्हावी, हा यातील पहिला धडा.

अशा पदावर बसणाऱ्याच्या अंगी पाच गुण हवेत, असे विनयात सांगितले आहे. चार गोष्टींमुळे तो वाट सोडता कामा नये : छंद, दोस, मोह आणि भय. पाचवा गुण असा की, काय झाले आहे आणि काय झालेले नाही हे त्याला ठाऊक असावे. विद्यापीठाच्या अधिकाऱ्याला या पाच कसोट्या लावून पाहू.

पहिली कसोटी, छंद. छंद म्हणजे आपल्या माणसाकडे असणारी ओढ. ज्या प्राध्यापकाविरुद्ध तक्रार आहे तो अधिकाऱ्याच्या विभागातील असेल, रोज चहा एकत्र होत असेल, तर अधिकाऱ्याने त्या प्रकरणातून बाजूला झाले पाहिजे. 'आपलाच माणूस आहे, सांभाळून घ्या' या वाक्याने अनेक तक्रारी मेल्या आहेत.

दुसरी कसोटी, दोस. दोस म्हणजे द्वेष. 'यांना सगळे फुकट मिळते' असा आकस ज्याच्या मनात आहे तो कितीही विद्वान असो, या खुर्चीवर नको. त्याचप्रमाणे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्या जातीचा राग धरून निकाल देणारा आपला माणूस असला, तरी तोही नको.

तिसरी कसोटी, मोह. मोह म्हणजे अज्ञान. ज्याने नियम वाचलेले नाहीत, ज्याला जात हा 'आता जुना विषय' वाटतो, तो चांगला माणूस असूनही निरुपयोगी ठरतो. ताट उचलून पलीकडे जाणे हा भेदभाव आहे, हे ज्याला समजावून सांगावे लागते त्याच्यापुढे त्या मुलीने काय बोलावे?

चौथी कसोटी, भय. माझ्या मते ही सर्वांत अवघड. संस्थाचालक नाराज होतील, बढती अडकेल, वर्तमानपत्रात नाव येईल, हे भय. या भयापोटी शून्याचा आकडा तयार होतो. अधिकारी दर्जाने ज्येष्ठ असावा असे नियम सांगतो, त्याचे कारण हेच असावे. दर्जाने भय कमी होते. ते संपतेच असे मात्र नाही.

पाचवी कसोटी, झाले-न झाल्याची जाण. म्हणजे नोंदवही. तक्रार कोणत्या तारखेला आली, पोच दिली की नाही, साठ दिवस कधी संपतात, मागच्या वर्षीचा निर्णय अमलात आला का, हे सर्व ज्याच्याजवळ लिहिलेले आहे तोच खरा अधिकारी. मन चांगले आणि नोंद शून्य, अशा माणसाकडून न्याय मिळत नाही.

४. तक्रार खरी असावी

दब्बाची कथा येथे संपत नाही. मेत्तिय आणि भुम्मजक यांच्या गटातील काही भिक्खूंना एका गृहस्थाच्या घरी हलके अन्न मिळाले. हे दब्बानेच करविले असे त्यांनी ठरविले आणि एका भिक्खुणीकडून त्याच्यावर घोर खोटा आरोप करविला. तेव्हा तथागतांनी काय केले? दब्ब उत्तम भिक्खू आहे म्हणून त्यांनी तक्रार फेटाळली नाही. संघ एकत्र बोलावला, दब्बाला सर्वांसमोर विचारले, त्याने आरोप नाकारला; मग आरोपामागे असलेल्या भिक्खूंचीही चौकशी करविली. त्यांनी खोटेपणा कबूल केला.

यातून दोन गोष्टी शिकावयाच्या. अधिकारी स्वतःही चौकशीच्या वर नाही, ही एक. आणि तक्रार रागाने, ऐकीव माहितीवर किंवा वचपा काढण्यासाठी करू नये, ही दुसरी. एका खोट्या तक्रारीचा दाखला देऊन शंभर खऱ्या तक्रारी झिडकारल्या जातात. पण खोट्या तक्रारी होऊ शकतात म्हणून तक्रारीचे दारच बंद करा, असे तथागतांनी म्हटले नाही. त्यांनी चौकशीची रीत घालून दिली. ज्याच्याविषयी निर्णय घ्यावयाचा तो समोर हजर असलाच पाहिजे, त्याच्यामागे निर्णय नको, असाही विनयाचा नियम आहे. आपण न्याय मागतो, तेव्हा समोरच्यालाही तोच न्याय मिळाला पाहिजे.

५. आपलाच माणूस हवा काय?

पुष्कळ पालक विचारतात, "गुरुजी, अधिकारी आपल्या समाजातला असेल तर काम होईल ना?" येथे उपालीची आठवण ठेवावी. उपाली हा शाक्यांचा न्हावी. अनुरुद्ध, भद्दिय, आनंद आदी शाक्य कुमार प्रव्रज्या घेण्यास निघाले तेव्हा उपालीही त्यांच्याबरोबर आला. कुमारांनीच तथागतांना विनंती केली की उपालीला आधी प्रव्रज्या द्यावी, म्हणजे आम्हांला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा कुळाचा ताठा उतरेल. पुढे हाच उपाली विनयाचा सर्वश्रेष्ठ जाणकार झाला. राजगृहाच्या पहिल्या संगीतीत महाकस्सपांनी विनयाविषयी प्रश्न विचारले ते उपालीला.

ज्यांना कायम खाली बसविले गेले त्यांच्यातील माणूस नियमांच्या खुर्चीवर बसला पाहिजे, हे उपालीची कथा सांगते. विद्यार्थ्यांच्या तक्रार निवारणासाठी आयोगाने २०२३ साली जे नियम केले, त्यांतही समितीवर किमान एक महिला आणि किमान एक अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागासवर्गातील व्यक्ती असावी, असे म्हटले आहे. ही मागणी आपण लावून धरावी. पण उपाली केवळ न्हावी होता म्हणून विनयधर झाला नाही. त्याने विनयाचा अभ्यास केला होता. आपला माणूस असावा. परंतु तो पाच कसोट्यांना उतरलेला असावा. आणि दुसऱ्या समाजातील माणूस त्या कसोट्यांना उतरत असेल तर त्याला परका मानू नये.

६. पालकांनी काय करावे?

सोलापूरकरांना हे काम नवे नाही. पूज्य बाबासाहेबांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा काढली आणि जानेवारी १९२५ मध्ये सभेने वसतिगृह उघडले ते आपल्या सोलापुरात. सोलापूरच्या नगरपालिकेने त्याला अनुदान दिले. तेथील मुलांनी 'सरस्वती विलास' नावाचे मासिकही चालविले. शाळेचे दार उघडे असणे पुरेसे नाही. मुलाला राहावयास जागा, अंगावर कपडा आणि पाठीशी माणूस लागतो, हे बाबासाहेबांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते. सोलापूरला स्वतःचे विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ रोजी मिळाले. त्यापूर्वी येथील महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी जोडलेली होती. २०१९ साली आपल्या विद्यापीठाला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे नाव मिळाले. आता विद्यापीठ घराजवळ केगावला आहे. मग विचारणा करायला अंतराची सबब राहिली नाही.

प्रवेश घेतानाच विचारा : येथील भेदभावविरोधी अधिकारी कोण? त्यांची खोली कोठे? नाव वहीत लिहून घ्या. भांडण झाल्यावर विचारण्यापेक्षा प्रवेशाच्या दिवशी शांतपणे विचारलेले बरे. दहा पालकांनी विचारले की पाटीवरचे जुने नाव आपोआप बदलते.

मुलाला रोजनिशी ठेवायला सांगा. तारीख, वेळ, जागा, कोण काय बोलले, कोणी ऐकले. बोललेले शब्द जसेच्या तसे लिहावेत. आपल्याकडून तिखटमीठ नको.

तक्रार लेखी द्या. दोन प्रती काढा. एकीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घ्या. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते.

गंभीर प्रकार असेल, जातीवरून अपमान, धमकी किंवा मारहाण असेल, तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. तेव्हा कॉलेजचा अधिकारी काय करतो याची वाट पाहत बसू नये. पोलिसांत फिर्याद द्यावी.

जातीचा दाखला आणि 'बौद्ध' ही नोंद यांविषयी अनेक नवदीक्षित कुटुंबांना भीती वाटते. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात १९९० साली दुरुस्ती झाली आणि अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांचा त्यात समावेश झाला. बौद्ध लिहिल्याने हक्क जातो ही समजूत चुकीची आहे. धर्म लपवून शिकण्याची गरज नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे. मूल गप्प झाले, जेवेना, 'जगण्यात अर्थ नाही' असे बोलू लागले, तर त्याला 'नाजूक आहेस' म्हणू नका. एकटे सोडू नका. डॉक्टरांकडे न्या. १४४१६ या टेलि-मानस दूरध्वनीवर बोलता येते. अर्ज, अपील सर्व नंतर. मूल आधी.

७. आपल्या घरातील खानावळ

हा पाठ दुसऱ्यांचे दोष दाखवून संपवणे बरे नव्हे. बावीस प्रतिज्ञांपैकी नववी सर्व माणसे समान मानण्याची आणि दहावी समता स्थापन करण्यासाठी झटण्याची आहे. त्या घेतल्यावर आपण काय करतो? आपल्याच विहारात आधी आलेले आणि नंतर आलेले, अमक्या पूर्वजातीचे आणि तमक्या पूर्वजातीचे असे कोपरे पडतात की नाही? मुलीचे लग्न ठरवताना 'बौद्ध आहेत, पण मूळचे कोण?' असे आपण विचारतो की नाही? सफाई काम करणाऱ्या बाईला घरात वेगळा कप ठेवतो की नाही? ताट पलीकडे नेणाऱ्या त्या दोन मुलींनाही हे कोणत्या तरी घरात शिकविलेले असते. आपले घर तसे असू नये. विद्यापीठाला पाच कसोट्या लावण्याआधी आपण त्या स्वतःला लावाव्यात.

८. पुढे काय झाले?

त्या मुलीने अर्ज लिहिला. मी एकही वाक्य सांगितले नाही. फक्त तारखा तपासल्या. संस्थाप्रमुखांनी जुनी पाटी काढून एका ज्येष्ठ प्राध्यापिकेची नेमणूक केली. त्या आपल्या समाजातील नव्हत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी पोच दिली, दोन्ही बाजू समोर बसवून ऐकल्या आणि सर्व लिहून घेतले. निर्णयाला साठ दिवसांपेक्षा थोडे अधिक लागले. त्याबद्दल आम्ही स्मरणपत्र दिले. कॅटेगरी वाचून हजेरी घेणे बंद झाले. प्रयोगशाळेतील गट पाळीपाळीने बदलू लागले. ज्यांनी ते वाक्य उच्चारले होते त्यांना लेखी समज मिळाली.

त्या दोन मुली अजूनही तिच्याशी बोलत नाहीत. नियम कोणाला मैत्री करायला लावू शकत नाही. पण आता ती बसली की ताट उचलून कोणी जात नाही. मुलगी दुसऱ्या वर्षात आहे. परवा ती घरी आली तेव्हा तिची आई म्हणाली, "गुर्जी, आता सुट्टी संपायच्या आधीच जाती म्हणतीय. प्रॅक्टिकल हाय म्हनं."

एका योग्य नेमणुकीने एवढे झाले. म्हणून हे पद रिकामे राहू देऊ नका.

अभ्यासासाठी प्रश्न
(रविवारच्या वंदनेनंतर कुटुंबात किंवा विहारात चर्चा करावी.)

१. विनयातील पाच कसोट्या कोणत्या? त्यांपैकी कोणती पाळणे सर्वांत कठीण, असे तुम्हांला वाटते व का?
२. दब्बावर आरोप झाला तेव्हा तथागतांनी त्याला पाठीशी का घातले नाही?
३. 'आमच्याकडे शून्य तक्रारी' हे वाक्य ऐकल्यावर तुम्ही कोणते दोन प्रश्न विचाराल?
४. तुमच्या मुलाच्या महाविद्यालयातील भेदभावविरोधी अधिकाऱ्याचे नाव काय? ठाऊक नसेल तर पुढील रविवारपर्यंत विचारून यावे.
५. गेल्या वर्षभरात आपल्या घरात किंवा विहारात कोणाला वेगळे वागविले गेले काय? मोठ्यांनी आधी उत्तर द्यावे, मुलांनी नंतर.

जयभीम.